टेम्पो गेला, रस्ता मोकळा झाला: दुभाजकाच्या कटवर झालेल्या एका धडकेचा अभ्यास

या प्रकरणात कोणी दारू प्यायलेलं नव्हतं. कोणी मोबाईलवर बोलत नव्हतं, कोणी उलट्या दिशेने आलं नव्हतं, वेगमर्यादाही कोणी ओलांडली नव्हती. स्वच्छ उजेड होता, रस्ता कोरडा होता. तरीही एका मोटारसायकलस्वाराचं कॉलरबोन, मनगट आणि नडगीचं हाड मोडलं आणि तो कित्येक महिने घरात अडकून पडला. ‘बेफिकीर चालक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुसाट, झिगझॅग जाणारी गाडी येते. इथला कारचालक तसा नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं. कारण दुचाकीस्वारांचा घात करणारे पुष्कळसे चालक असेच असतात, बऱ्यापैकी नीट गाडी चालवणारे.

मी मोटारसायकल चालवायला शिकवतो. हाडं जुळल्यावर हा स्वार माझ्याकडे आला. अपघाताची चित्रफीत त्याने सोबत आणली होती. ती आम्ही दोघांनी पुढे-मागे करून पाहिली, जागेवर जाऊन अंतरं मोजली, आणि नंतर कारचालकाशीही सविस्तर बोलणं झालं. दोघांनीही या लेखाला संमती दिली आहे. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

काय घडलं

दुभाजक असलेला रस्ता, वाहतूक डाव्या बाजूने. (वाहतूक उजव्या बाजूने असेल तिथे हीच मांडणी डावं-उजवं बदलून वाचावी.) दुभाजकात एका ठिकाणी कट आहे. समोरून येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात आणि स्वाराच्या बाजूची लेन ओलांडून गल्लीत वळतात. सिग्नल नाही.

आपला स्वार एका बंद बॉडीच्या टेम्पोमागे होता. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर. टेम्पो आणि त्याच्यामध्ये ३६ मीटर अंतर होतं, वेळेत मोजलं तर जवळपास अडीच सेकंद. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद लांब राहा, असं आपण शिकवतो. तो त्याहून जास्त अंतर राखून होता. चालत होता लेनच्या डाव्या कडेने. ‘बाईकवाल्याने कडेने चालावं’ हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि मोठ्या गाडीच्या मागे असलं की माणूस आपोआप आणखी कडेला सरकतो.

समोर, कटमध्ये, एक कार उजवीकडचा इंडिकेटर लावून उभी होती. तिच्या मागे आणखी एक कार. चित्रफीत या दुसऱ्या कारच्या डॅशकॅममधली आहे.

टेम्पोचा मागचा भाग पहिल्या कारच्या नाकासमोरून सरकला, तो क्षण शून्य धरू. त्याआधी दोन सेकंद चित्रफितीत हॉर्न ऐकू येतो, लांब आणि जोरात. हा हॉर्न डॅशकॅमच्याच गाडीचा. शून्याच्या जरा आधीच पहिल्या कारची पुढची चाकं वळायला लागलेली दिसतात. शून्याला कार हलते. साधारण ०.४ सेकंदाला स्वाराची मान किंचित वर होते, त्याला कार दिसली आहे. १.४ सेकंदाला मोटारसायकलचं मागचं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरू लागतं, टायर किंचाळतो. तो आवाज ऐकून कारचालकही दचकून ब्रेक मारतो, आणि त्यामुळे कार लेनमध्ये आडवी उभी राहते. २.६ सेकंदाला आडव्या झालेल्या मोटारसायकलसकट स्वार कारच्या डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर आदळतो. त्या वेळचा वेग आम्ही चित्रं मोजून काढला, तो ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास येतो.

कारचालक बाहेर आला आणि त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, “अहो, मला दिसलीच नाही बाईक.” लोक जमले. एकाने हेल्मेट ओढायला सुरुवात केली. गर्दीतल्या एका बाईंनी त्याला ओरडून थांबवलं आणि स्वाराची मान तशीच धरून ठेवली. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. जखमी माणसाचा श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई करायची नसते. मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या एका हिसक्याने ती कायमची होऊ शकते.

दोष कोणाचा

कारचालकाचा. यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम बहुतेक देशांत सारखाच आहे आणि १९६८च्या व्हिएन्ना रस्ते-वाहतूक करारातही तो आहे. कारचालकाने तो मोडला, आणि त्याने ते मान्यही केलं.

अशी प्रकरणं अपवादाने घडत नाहीत. दुचाकी अपघातांचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन त्यांच्या चमूने तपास केला होता. त्यातले साधारण तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले, आणि अशा टकरींपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क डावललेला. पुढे युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला. तिथे निम्म्या अपघातांचं मुख्य कारण दुसऱ्या चालकाची चूक निघालं, आणि त्या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका ‘दुचाकी लक्षातच आली नाही’ या प्रकारच्या होत्या.

तेव्हा “दिसलीच नाही” हे वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य उच्चारलं की सगळे मान हलवतात आणि विषय संपतो. चालकाला ती माफी वाटते, स्वाराला ती थाप वाटते, आणि का दिसली नाही हे कोणीच विचारत नाही. या प्रकरणात आम्ही ते विचारलं.

का दिसली नाही

पहिला संशय स्वाराच्या काळ्या जॅकेटवर गेला. तो रास्त होता. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की परावर्तक किंवा झळझळीत रंगाचे कपडे घालणाऱ्यांमध्ये इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी. झळझळीत जॅकेट मी स्वतः घालतो आणि शिष्यांनाही घालायला लावतो. पण चित्रफीत पाहिल्यावर इथे जॅकेटवर दोष टाकता येत नाही, असं माझं मत झालं. कारण स्वार टेम्पोच्या आड होता. टेम्पोच्या पत्र्यातून पिवळा रंगही दिसत नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. कटमध्ये उभ्या असलेल्या चालकाची नजर समोरच्या लेनवर तिरकी पडते. टेम्पो लांब असताना त्याचा चौकोनी डबा त्याच्या मागची बरीचशी लेन झाकून टाकतो, आणि झाकलेला भाग म्हणजे लेनची डावी बाजू. नेमकी तीच जागा स्वाराने धरली होती. डॅशकॅमलाही तो दिसत नाही. टेम्पो अगदी जवळ आल्यावर, शून्याच्या साधारण एक सेकंद आधी, त्याचा हेडलाइट टेम्पोच्या कडेतून बाहेर पडतो. तोच स्वार लेनच्या उजव्या चाकोरीत, म्हणजे कारची उजवी चाकं जिथून जातात तिथे असता, तर टेम्पो लांब असतानाच तो चालकाला दिसू शकला असता. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे त्यालाही कटमध्ये उभी असलेली कार आणि तिचा इंडिकेटर दिसला असता. मी शिकवताना हे असं सांगतो: मला त्याची पुढची काच दिसत नसेल, तर त्याच्या दृष्टीने मी रस्त्यावर नाहीच.

आता कारचालकाने सांगितलेला क्रम पाहा. तो कटमध्ये आला, समोर पाहिलं, टेम्पो दिसला, टेम्पोमागे रस्ता रिकामा वाटला. मनात निर्णय झाला: टेम्पो गेला की निघायचं. मग त्याने नजर गल्लीच्या तोंडाकडे नेली, कारण तिथे माणसं रस्ता ओलांडत होती आणि त्यांच्यावर गाडी जाऊ नये याची त्याला काळजी होती. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. टेम्पो डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरकलेला जाणवला आणि त्याने क्लच सोडला. समोरच्या लेनकडे त्याने पुन्हा पाहिलंच नाही. ज्या एका सेकंदात मोटारसायकल उघडी पडली होती, त्या सेकंदात त्याची नजर गल्लीत होती.

पादचाऱ्यांची काळजी घेणारा माणूस बेफिकीर कसा, असा प्रश्न कोणी विचारेल. मी तरीही याला बेफिकिरीच म्हणेन, कारण त्याने एकदा घेतलेलं उत्तर तपासलं नाही. रस्ता रिकामा आहे हे चार सेकंदांपूर्वी ठरवलेलं होतं, आणि चार सेकंदांत ताशी ५४ च्या वेगाने येणारं वाहन ६० मीटर कापतं.

पुढच्या बैठकीत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला आधी आठवली नव्हती. “टेम्पोमागे काहीतरी होतं बहुतेक. पण ते लांब होतं.” आठवणीवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच, तरी हे वाक्य मी सोडून देणार नाही. लहान आकाराची वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा लांब आहे आणि उशिरा पोचेल असं आपल्या मेंदूला वाटतं. कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात, त्यावरून वेगाचा अंदाज येतो. मोटारसायकलचा दिवा एकच. सरळ अंगावर येणारी मोटारसायकल बराच वेळ एका जागी थिजलेल्या ठिपक्यासारखी राहते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. त्यात डोळे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात तेव्हा त्या उडीदरम्यान मेंदू चित्र जवळजवळ बंदच ठेवतो. झर्रकन मान फिरवून ‘दोन्हीकडे पाहिलं’ म्हणणाऱ्याने खरं तर दोन-चार तुकडे पाहिलेले असतात, आणि मोटारसायकल मधल्या न पाहिलेल्या तुकड्यात सहज मावते.

आणि तो हॉर्न. चित्रफीत ज्याची होती तो गृहस्थ भला माणूस आहे. त्याने ती स्वतःहून दिली, साक्षही दिली. हॉर्नबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला की पुढचा उगाच थांबलाय असं वाटलं. अपघाताच्या कागदपत्रांत या हॉर्नचा उल्लेख नाही आणि कायद्याच्या नजरेतून तो असणारही नाही. पण वळणासाठी थांबलेल्या माणसाला मागून हॉर्न मारणं म्हणजे त्याच्या निर्णयातला एक सेकंद काढून घेणं, असं मला ठामपणे वाटतं. या प्रकरणात तोच एक सेकंद लागणार होता.

स्वाराच्या हातात काय होतं

इथून पुढे लिहिताना मी सावध आहे. स्वाराने काय करता आलं असतं हे सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे चूक त्याचीच. तसं नाही. दोष कारचालकाचाच आहे. पण हाडं स्वाराची मोडतात, म्हणून त्याच्याकडे कोणकोणते मार्ग होते हे त्याला कळायलाच हवं.

कारवर नजर पडल्यापासून ब्रेक लागेपर्यंत त्याला एक सेकंद लागला. हा वेळ वाईट नाही, सामान्य माणसाला एवढा लागतोच. शून्यापासून ब्रेक लागेपर्यंतच्या १.४ सेकंदांत २१ मीटर गेले. उरले १५. त्या १५ मीटरमध्ये त्याने जवळजवळ सगळा जोर मागच्या ब्रेकवर दिला. मागचं चाक लॉक झालं, शेपटी फिरली, गाडी आडवी झाली. अशा ब्रेकिंगमध्ये वेग सेकंदाला चारेक मीटरने कमी होतो, आणि त्या हिशेबाने टकरीचा वेग ताशी ३७ किलोमीटरच येतो. चित्रफीत तेच सांगते.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढचा आणि मागचा ब्रेक नीट वापरणारा सराईत स्वार सेकंदाला सुमारे सात मीटरने वेग कमी करू शकतो. त्याच क्षणी, त्याच १५ मीटरमध्ये, असं ब्रेकिंग झालं असतं तर टक्कर झालीच असती, पण ताशी १४ किलोमीटरने. ३७ आणि १४ यांतला फरक कागदावर अडीचपट दिसतो. शरीराला सोसावी लागणारी ऊर्जा मात्र सातपट असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

आता दुसरी शक्यता. कटजवळ येताना त्याची दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि पाय मागच्या ब्रेकवर टेकलेला असता, तर हात-पाय हलवण्यात जाणारा वेळ वाचला असता. साधारण ०.४ सेकंद धरा. म्हणजे सहा मीटर. हे सहा मीटर आणि नीट ब्रेकिंग, एवढ्यावर तो कारच्या पाच मीटर अलीकडे उभा राहिला असता. वेग तोच ५४.

तिसरी. कटच्या आधी थ्रॉटल सोडून वेग ४५ वर आणला असता, तर बोटं लिव्हरवर नसतानाही, त्याच एका सेकंदाच्या प्रतिक्रियेने, नीट ब्रेक लावून तो सात मीटर राखून थांबला असता. ५४ वरून ४५ वर येणं प्रवासात कोणाला जाणवतही नाही. कटच्या अलीकडे-पलीकडे मिळून शे-दीडशे मीटर तेवढा वेग ठेवला, तर घरी पोचायला एक-दोन सेकंद उशीर होतो.

हे गणित स्वारासमोर मांडलं तेव्हा तो बराच वेळ ३६ मीटरच्या आकड्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “सर, मी अंतर ठेवलं म्हणूनच त्याला मधे घुसावंसं वाटलं ना?” प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळला नाही. हो, टेम्पोमागची मोकळी जागा कारचालकाला वाट वाटली. पण टेम्पोला चिकटून चालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं असतं तर टेम्पोने ब्रेक मारताच तो टेम्पोवर आदळला असता, आणि टेम्पोच्या आड आणखी पूर्ण झाकला गेला असता. अंतर हवंच. त्या अंतरात आपण दिसतो आहोत की नाही, हे मात्र प्रत्येक कटला, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नव्याने पाहावं लागतं. लेनमधली जागाही त्यानुसार बदलावी लागते. उजवी चाकोरी दर वेळी बरोबर असं नाही. समोरून ओव्हरटेक करणारा येत असेल तर तिथून हटायला हवं. जागा सोयीने पकडून ठेवायची नसते, कारण असेल तशी बदलायची असते. आणि हळूच थोडं डावं-उजवं सरकलं की आणखी एक फायदा होतो: थिजलेला ठिपका हलतो, आणि हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप जातो.

वळून चुकवता आलं असतं का? या जागी नाही. कारचं नाक डावीकडची वाट अडवून होतं आणि उजवीकडे, कटमध्ये, दुसरी कार उभी होती. शिवाय त्याची नजर दरवाजावर खिळली होती, आणि गाडी नजरेमागेच जाते.

काय वाचलं

चेहरा आणि डोकं. त्याने पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घातलं होतं, पट्टा आवळलेला होता. हेल्मेटच्या हनुवटीवर कारच्या रंगाचा ओरखडा आहे, आणि त्याखाली आतला थर दबून पांढरा पडला आहे. ते हेल्मेट मी हातात घेऊन पाहिलं. अर्धं हेल्मेट असतं तर तिथे त्याचा जबडा होता. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला कॉक्रेन आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. हातमोजे मात्र नव्हते. तळव्याची कातडी सोलली गेली आणि मोडलेल्या मनगटापेक्षा त्या जखमेनेच त्याला पहिले काही आठवडे जास्त रडवलं.

गाडीला एबीएस नव्हतं. दोन्ही चाकांना ते असतं तर चाक लॉक झालं नसतं आणि गाडी सरळ राहिली असती. इजा होणाऱ्या मोटारसायकल अपघातांवर एबीएसचा परिणाम तपासला गेला तेव्हा इटलीत २४, स्पेनमध्ये २९ आणि स्वीडनमध्ये ३४ टक्के घट आढळली. नवी गाडी घेणाऱ्याने रंग आणि सीट बघण्याआधी हे बघावं, एवढंच म्हणेन.

त्यानंतर

कारचालकाला मी भेटलो तेव्हा तो अपराधी भावनेने पिचलेला होता. नुसत्या पश्चात्तापाने पुढच्या वळणावर काही बदलत नाही, म्हणून आम्ही त्याच्या कारमध्ये बसून त्याच कटवर गेलो. मी त्याला एकच गोष्ट करायला लावली. मोठं वाहन समोरून गेलं की लगेच निघायचं नाही; त्याच्या मागची लेन तळापर्यंत दिसेल इतकं त्याला पुढे जाऊ द्यायचं, नजर दोन-तीन ठिकाणी थांबवत लेन पाहायची, आणि ती पाहताना मनात ‘बाईक कुठे आहे’ हा प्रश्न ठेवायचा. जे शोधतो ते सापडण्याची शक्यता जास्त असते. पहिल्या खेपेलाच एका ट्रकमागून स्कूटर निघाली. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि स्कूटर जाईपर्यंत काहीच बोलला नाही. मागून हॉर्न वाजत होता. त्याने वाजू दिला.

स्वाराचं काम जास्त लांबलं. मोकळ्या मैदानात, ताशी ४० वरून थांबण्यापासून सुरुवात केली. ४० वरून, प्रतिक्रियेचा वेळ सोडून, साधारण नऊ मीटरमध्ये थांबता येतं. तो सुरुवातीला सोळा-सतरा मीटर घेत होता आणि जमिनीवर मागच्या टायरचा काळा पट्टा उमटत होता. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो एकटा नाही. हर्ट यांच्या अभ्यासातही बहुतेक स्वारांनी मागचा ब्रेक अति आणि पुढचा अपुरा वापरला होता, आणि अपघात टाळायला त्यांना मिळालेला वेळ सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहून कमी होता. इतक्या वेळात माणूस विचार करत नाही, सवयीचं तेच करतो.

पुढचा ब्रेक खटकन ओढला की चाक लॉक होतं, ही भीती खरी आहे. तो स्पंज पिळतात तसा दाबायचा असतो. आधी जरासा, मग वजन पुढच्या चाकावर येऊन पुढचा सस्पेन्शन दबला की जोर वाढवायचा. वजन पुढे आल्यावर त्या टायरची पकड वाढलेली असते, म्हणून तो जोर सहन करतो. हे दोन टप्पे मिळून क्षणभराचंच काम आहे, पण हाताला ते वेगवेगळे कळले पाहिजेत. गुडघ्यांनी टाकी आवळायची, नजर दूर, कोपर सैल. काही दिवसांनी काळा पट्टा उमटायचा थांबला आणि अंतर दहा मीटरवर आलं.

आता तो कट दिसला की बोटं लिव्हरवर नेतो, मोठ्या गाडीमागे असेल तर तिच्या सावलीतून बाहेर सरकतो, आणि उभ्या कारच्या चालकाच्या चेहऱ्याऐवजी तिच्या पुढच्या चाकाकडे पाहतो. चालक आपल्याकडे पाहत असला तरी त्याने आपल्याला पाहिलंच असेल असं नाही. चाक फिरलं की मात्र गाडी येणारच. हे तिसरं मी शिकवलेलं नाही. चित्रफितीत कार हलण्याआधी चाकं वळलेली त्यानेच मला दाखवली होती, आणि आता मी ते सगळ्यांना शिकवतो.

ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग अजून बाकी आहे. तिथे पकड कमी, थांबायचं अंतर लांब, आणि त्याचं मनगट अजून जोर घेताना कुरकुरतं. डॉक्टरांनी होकार दिला की मैदानावर पाणी मारून ३० च्या वेगापासून सुरुवात करायची, असं आमचं ठरलं आहे.